माइक चालू की बंद? स्क्रीन रीडरवर इंटरनेट कॉल शिकणाऱ्यांसाठी

मी पूर्ण अंध आहे, धुळ्यात राहतो आणि साक्री, अमळनेर, चोपडा, शहादा इकडच्या दृष्टिहीन मुलामुलींना संगणक शिकवतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, झूम आपल्याला जमतं का?" जमतं. मीट जमतं, टीम्स जमतं, व्हॉट्सअ‍ॅपचा कॉलही जमतो. पण जमणं म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. लिंक उघडली, समोरच्याचा आवाज आला, एवढ्यावर भागत नाही. माझी कसोटी एकच आहे. आपला माइक या क्षणी चालू आहे की बंद, हे शेजारच्या डोळस माणसाला न विचारता आपल्याला कळलं पाहिजे. हे कळत नसेल तर मुलाखतीत तुम्ही छान बोलाल आणि पलीकडे शांतता असेल. नाहीतर घरातलं भांडण अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल.

आपल्याकडे घराघरातलं कुणी ना कुणी सुरतेला, नाशिकला नाहीतर पुण्याला असतंच. शिवाय आता ऑनलाइन शिकवण्या आणि नोकरीच्या मुलाखतीही असतात. तेव्हा हे शिकणं टाळता येणार नाही. भावाने लिंक उघडून दिली, बहिणीने बटण दाबलं, असं करत बरेच जण वर्षानुवर्षं ढकलतात. मग मुलाखतीच्या दिवशी भाऊ शेतात असतो.

खालच्या पायऱ्या विंडोजचा लॅपटॉप आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, धरून लिहिल्या आहेत. मोबाइलचं वेगळं सांगितलं आहे.

१. आधी काय जमवायचं

- विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप. विंडोज ७ चा जुना संगणक असेल तर त्यावर एनव्हीडीएची २०२३.३.४ ही शेवटची आवृत्ती बसते. टायपिंगच्या सरावाला तो ठीक आहे, कॉलसाठी त्याच्या नादी लागू नका.
- एनव्हीडीए. हा स्क्रीन रीडर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. तो बनवणाऱ्या एनव्ही अ‍ॅक्सेस या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. तिथे देणगी मागतात, पण ती ऐच्छिक आहे.
- ऑफिसने जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर दिला असेल तर तोही चालेल. खाली दिलेल्या झूम, मीट आणि टीम्सच्या कळा त्या त्या सॉफ्टवेअरच्या आहेत, त्यामुळे जॉजवरही त्याच लागू पडतात.
- माइक असलेला, वायरचा हेडफोन. वायरचाच का, ते पायरी ४ मध्ये.
- क्रोम ब्राउझर आणि स्वतःचं गुगल खातं. पासवर्ड स्वतःला पाठ हवा आणि स्वतःला टाइप करता यायला हवा. तो फक्त भावाला माहीत असेल तर खातं भावाचं आहे, तुमचं नाही.
- नेट, आणि चार्ज केलेली बॅटरी.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र यातलं काहीही कॉलिंग सॉफ्टवेअर मागत नाही. "झूम सुरू करून देतो, कार्डाचा फोटो पाठवा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

२. कोणतं सॉफ्टवेअर धरायचं

ज्याच्याशी बोलायचं आहे तो जे वापरतो ते. तरी प्रत्येकाचा स्वभाव सांगून ठेवतो.

जुन्या प्रशिक्षणांच्या नोट्स अजून फिरतात, त्यात स्काइपच्या कळा असतात. त्या बाजूला ठेवा. २००३ मध्ये आलेलं स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. आमच्या पिढीतल्या कितीतरी अंध माणसांनी पहिला इंटरनेट कॉल त्यावरच केला होता, आणि त्याच्या चाचणी कॉलची सोय फार कामाची होती: आपण बोलायचं आणि आपलाच आवाज परत ऐकायचा.

झूमपासून सुरुवात करा, असं माझं मत आहे. जवळपास प्रत्येक कामाला कीबोर्डची कळ आहे, आणि स्क्रीन रीडरने काय बोलावं, काय बोलू नये, हेही ठरवता येतं. मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, एवढी एकच अडचण.

गुगल मीट ब्राउझरमध्येच चालतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. तीन किंवा जास्त माणसं असतील तर मोफत खात्यावर एका तासाची मर्यादा आहे. सोयीचं आहे, पण ब्राउझरच्या आणि मीटच्या कळा एकमेकींना आडव्या जातात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

टीम्स ऑफिसातून किंवा कॉलेजातून लादलं जातं. ब्राउझरमध्ये उघडण्यापेक्षा त्याचं अ‍ॅप बसवून घ्या.

जित्सी हलकं आहे, पण त्याच्या कळा एकेकट्या अक्षरांच्या आहेत: एम म्हणजे माइक, व्ही म्हणजे कॅमेरा, आर म्हणजे हात वर, सी म्हणजे चॅट. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचायच्या अवस्थेत, हीच अक्षरं पानावर उड्या मारायला वापरली जातात. एम दाबलं की माइक हलत नाही, एनव्हीडीए पुढची फ्रेम शोधायला जातो. आधी एनव्हीडीए + स्पेस दाबून (एनव्हीडीए कळ कोणती, ते पायरी ३ मध्ये) फोकस मोडमध्ये या, मगच ती अक्षरं जित्सीपर्यंत पोहोचतात.

टीमटॉकचं नाव डोळस लोकांना सहसा माहीत नसतं. अंध मित्रांच्या गप्पांना, वाचनाच्या गटाला ते उत्तम. विंडोजवर ते स्क्रीन रीडरवर चालतं. मात्र आधी सर्व्हर लागतो, तेव्हा ज्या गटात जायचं आहे त्यांच्याकडून त्याची माहिती घ्या.

एक सॉफ्टवेअर पक्कं करा. चार अर्धवट शिकणाऱ्याची ऐनवेळी बोटं अडकतात.

३. कॉलआधी बोटांत हव्यात अशा एनव्हीडीएच्या कळा

एनव्हीडीए कळ म्हणजे इन्सर्ट. छोट्या लॅपटॉपवर ती फंक्शन कळीखाली दडलेली असते. पहिल्यांदा एनव्हीडीए सुरू करताना येणाऱ्या खिडकीतच कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ करून टाका.

- कंट्रोल: चालू असलेलं वाचन गप्प.
- एनव्हीडीए + टी: आपण कोणत्या खिडकीत आहोत.
- एनव्हीडीए + टॅब: फोकस कशावर आहे, म्हणजे आत्ता दाबलेली कळ कुठे पडेल.
- एनव्हीडीए + बी: समोरची खिडकी वाचून दाखवतो. अचानक उगवलेल्या संदेशांना हे औषध.
- एनव्हीडीए + स्पेस: ब्राउझ मोड आणि फोकस मोडची अदलाबदल.
- एनव्हीडीए + १: कळ शिकण्याचा मोड. कोणतीही कळ दाबा, ती काय करते ते सांगतो, प्रत्यक्ष काही करत नाही. बाहेर यायला परत तेच.
- कंट्रोल + ऑल्ट + एन: एनव्हीडीए मध्येच बंद पडला तर पुन्हा सुरू.

शेवटची कळ विशेष पाठ करा. चालू कॉलमध्ये स्क्रीन रीडर गेला तर घाबरायचं कारण नाही. कॉल चालूच असतो, पलीकडचा माणूसही ऐकतच असतो.

४. आवाजांची वाटणी

डोळस माणसाला एकच आवाज ऐकायचा असतो. आपल्याला दोन: समोरचा माणूस आणि एनव्हीडीए. एकाच मांडवात दोन भोंगे लागावेत तसं होतं, आणि नवे लोक इथेच वैतागून सोडून देतात. ह्या पायरीला वेळ द्या.

पहिली गोष्ट, स्पीकरवर कॉल करायचा नाही. स्पीकरमधून निघालेला एनव्हीडीएचा आवाज माइकमध्ये शिरतो, आणि पलीकडच्यांना तुमच्या बोलण्याबरोबर "बटन, चेकबॉक्स नॉट चेक्ड" हेही ऐकू जातं. म्हणून हेडफोन. आणि वायरचा, कारण ब्लूटूथवर एनव्हीडीएचा आवाज किंचित उशिरा येतो. कळ दाबणं आणि उत्तर ऐकणं यात अंतर पडलं की बोटं चुकतात. शिवाय ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बऱ्याच हेडफोनांत ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा खाली येतो.

दुसरी गोष्ट, आवाज दोन कानांत वाटून घ्या. एनव्हीडीएच्या २०२४.२ आवृत्तीपासून ही सोय आहे. एनव्हीडीए + ऑल्ट + एस दाबत गेलं की वेगवेगळे प्रकार येतात. त्यातल्या एकात एनव्हीडीए डाव्या कानात आणि बाकी सगळा आवाज उजव्या कानात जातो. सुरुवातीला विचित्र वाटतं. तासाभरात कान सरावतात, आणि मग मास्तर उजवीकडून शिकवत असताना तुम्ही डावीकडून चॅट वाचू शकता. कॉल संपल्यावर तीच कळ दाबून पूर्ववत करा, नाहीतर गाणं एकाच कानात वाजेल आणि हेडफोन बिघडला म्हणून तुम्ही दुकानात जाल.

आवृत्ती जुनी असेल तर दुसरा उपाय: एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये त्याचा आवाज कोणत्या उपकरणातून यावा ते निवडता येतं. कॉल यूएसबी हेडफोनवर घ्यायचा आणि एनव्हीडीए लॅपटॉपच्या गोल छिद्रात लावलेल्या साध्या इअरफोनवर. एक कान इकडे, एक तिकडे.

तिसरी, एनव्हीडीएला कमी बोलायला लावा. झूमच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीचा भाग आहे. त्यात स्क्रीन रीडर अलर्टची यादी मिळते: कोण आलं, कोण गेलं, कुणी हात वर केला, चॅट आलं. मोठ्या वर्गात येण्याजाण्याच्या सूचना बंद करा. माइकबद्दलच्या सूचना मात्र कधीही बंद करू नका.

एनव्हीडीएचं बोलणं पूर्ण थांबवायचं असेल तर एनव्हीडीए + एस, "ऑफ" ऐकू येईपर्यंत. एकदा दाबलं की लगेच परत बोलता होत नाही, मध्ये नुसत्या बीपचा प्रकारही येतो, म्हणून "टॉक" ऐकू येईपर्यंत दाबत राहा.

नावांचं एक सांगतो. सहभागी माणसाने आपलं नाव देवनागरीत लिहिलं असेल आणि तुमचा एनव्हीडीए इंग्रजी आवाजावर असेल, तर काही आवाज त्या नावाला चक्क गाळतात. यादीत कुणीतरी आहे पण नाव नाही, असं वाटतं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे, तो देवनागरी वाचतो. त्याचा सूर रुक्ष आहे, हे मान्य. विंडोजचा हिंदी आवाज टाकलात तरी देवनागरी वाचली जाते, फक्त आपली आडनावं थोडी हिंदी वळणाने येतात.

५. माइकची स्थिती ओळखणं

आता मुद्द्याचं. माइक चालू-बंद करायच्या कळा अशा:

- झूम: ऑल्ट + ए
- गुगल मीट: कंट्रोल + डी
- टीम्स: कंट्रोल + शिफ्ट + एम

कळ पाठ झाली तरी काम अर्धंच झालं, कारण तीच कळ चालू करते आणि तीच बंद. आत्ता कुठे आहोत ते माहीत नसेल तर कळ दाबणं म्हणजे नाणं उडवणं.

बटणावरून स्थिती ओळखायला जाल तर पहिला सापळा लागतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बटणावर स्थिती नव्हे, कृती लिहिलेली असते. मीटमध्ये एनव्हीडीए "टर्न ऑफ मायक्रोफोन" बोलला तर माइक बंद आहे असं समजू नका. "बंद करा" असं बटण म्हणतंय, म्हणजे आत्ता तो चालू आहे. "टर्न ऑन" ऐकू आलं तर बंद. झूम याबाबतीत भलं आहे: टूलबारवरच्या पहिल्या बटणावर टॅबने गेलात की "करंटली म्यूटेड" किंवा "करंटली अनम्यूटेड" असं स्थितीसकट ऐकू येतं. मुलाखतीला बोलावणं आलं की आधी त्या बटणावर जाऊन ऐका, मग बोला.

दुसरा सापळा मीटचा. कंट्रोल + डी ही क्रोमची स्वतःचीही कळ आहे, पानाची खूण ठेवायची. फोकस मीटच्या पानात नसेल, समजा अ‍ॅड्रेस बारमध्ये असेल, तर माइक तसाच राहतो आणि बुकमार्कची खिडकी उघडते. कॅमेऱ्याच्या कंट्रोल + ई चंही तसंच. ती बाहेर दाबली की क्रोम शोध घ्यायला तयार होतो. "बुकमार्क" असा शब्द कानावर पडला की एस्केप दाबा, एफ६ ने पानात या, मग पुन्हा कळ दाबा.

तिसरा, झूममधली स्पेस. माइक बंद असताना स्पेस दाबून धरली की तेवढ्यापुरता माइक सुरू होतो, सोडली की बंद. छोट्या उत्तरांना सोयीचं. पण फोकस एखाद्या बटणावर असेल तर स्पेस त्या बटणावरच पडते. म्हणून नव्या माणसाने ऑल्ट + ए वरच राहावं.

चौथा सापळा सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे. काही हेडफोनांच्या वायरीवर माइक बंद करायची छोटी सरकपट्टी असते, काही लॅपटॉपवर वरच्या ओळीत तशी कळ असते. तिचा लहानसा दिवा डोळस माणसाला दिसतो, आपल्याला नाही. झूम म्हणतं माइक चालू, आणि आवाज मात्र जात नाही. हेडफोन घेताना बोटांनी वायर चाचपून बघा. सरकपट्टी असेल तर कोणती बाजू म्हणजे चालू, ते दुकानातच पक्कं करा.

पाचवा: बैठक घेणाऱ्याने तुम्हाला म्यूट केलं असेल, तर परत बोलावताना झूममध्ये एक विचारणा येते, माइक चालू करायचा की बंदच ठेवायचा. तिला उत्तर द्यावं लागतं. तिकडे सगळे "बोला, बोला" म्हणत असतात आणि इकडे आपण वाट बघत बसतो. अशा वेळी एनव्हीडीए + टॅब दाबून फोकस कशावर आहे ते ऐका आणि योग्य बटणावर एंटर करा.

सराव एकट्याने करा. झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट या पत्त्यावर चाचणी बैठक मिळते, त्यात माइक आणि स्पीकर तपासता येतात. त्यानंतर एखाद्या मित्राला घेऊन बसा. आमच्याकडे पोरं तासनतास "दादा, आवाज येस का?" करत बसतात, तसं न करता उलट खेळ खेळा. मित्राने काही बोलायचं नाही, तुमचा आवाज येतो की नाही ते नुसतं टिपायचं. तुम्ही माइक चालू-बंद करत जायचं आणि प्रत्येक वेळी आत्ता तो कसा आहे ते लिहून ठेवायचं. शेवटी त्याच्या टिपणाशी ताडून बघा. सगळी उत्तरं जुळली की तुम्ही तयार.

६. बैठकीत शिरताना

लिंकवर एंटर केलं की क्रोम विचारतं, झूम उघडू का? हे विचारणं पानात नसतं, वर तरंगणाऱ्या छोट्या खिडकीत असतं. बाणाने पान वाचत राहिलात तर ते सापडतच नाही. मीटमध्ये माइकची परवानगीही अशाच खिडकीत मागितली जाते. एफ६ दाबत गेलं की फोकस तिच्यावर येतो, किंवा ऑल्ट + शिफ्ट + ए. परवानगी एकदा नाकारली गेली की क्रोम ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी विचारतही नाही. मग साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परत द्यावी लागते.

झूममध्ये आत गेल्यावर "जॉइन विथ कॉम्प्युटर ऑडिओ" असं बटण येतं. ते दाबलं नाही तर तुम्ही बैठकीत असता, यादीत नाव दिसतं, पण ना ऐकू येत, ना जात. ऑडिओच्या सेटिंगमध्ये संगणकाचा आवाज आपोआप जोडण्याचा पर्याय आहे, त्यावर एकदा खूण करून टाका.

आत गेल्यावर पूर्ण शांतता असेल तर बहुधा तुम्ही वेटिंग रूममध्ये आहात, म्हणजे बैठक घेणाऱ्याने अजून आत घेतलेलं नाही. एनव्हीडीए + बी दाबून खात्री करा. जॉइन परत परत दाबू नका, खिडकी बंद करून पुन्हा येऊ नका. शांत बसा.

७. आत असताना

हात वर करायला झूममध्ये ऑल्ट + वाय, मीटमध्ये कंट्रोल + ऑल्ट + एच, टीम्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + के. बोलून झाल्यावर हात खाली करायला विसरू नका, तीच कळ. झूममध्ये चॅट ऑल्ट + एच, सहभागींची यादी ऑल्ट + यू, बाहेर पडायला ऑल्ट + क्यू. झूमचा टूलबार आपोआप लपतो आणि मग टॅबने बटणं मिळत नाहीत. सेटिंगमध्ये तो कायम दिसता ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा.

स्क्रीन शेअरबद्दल डोळस माणसांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. त्यांनी दाखवलेली स्लाइड आपल्यापर्यंत चित्र म्हणून येते. त्यातली अक्षरं स्क्रीन रीडर वाचू शकत नाही, मग ती किती का मोठी असेना. एनव्हीडीए + आर ने विंडोजची अक्षरओळख चालवून इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी काढता येतो, पण चालत्या वर्गात ते जमवणं कठीण. सरळ उपाय म्हणजे पीपीटी किंवा वर्डची फाइल आदल्या दिवशी मागून घेणं. "हे इथे बघा" असं शिक्षक म्हणाले की लगेच हात वर करून "काय लिहिलंय ते वाचता का, सर" म्हणा. लाजू नका, वर्गातल्या डोळस मुलांनाही मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ती अक्षरं लागत नसतात.

स्वतः स्क्रीन शेअर करताना संगणकाचा आवाज शेअर करायचा पर्याय बंद ठेवा. नाहीतर एनव्हीडीए सगळ्यांच्या कानात बोलतो.

८. मोबाइलवर

टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर येत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल अवघड नाही. फोन वाजायला लागला की रिंगटोनच्या गोंगाटात टॉकबॅक ऐकू येत नाही. आवाजाची कळ एकदा दाबून रिंगटोन गप्प करा, मग पडद्याच्या खालच्या भागात बोट फिरवून उचलायचं बटण शोधा आणि दोनदा टॅप करा. आयफोनवर व्हॉइसओव्हर असेल तर दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की कॉल उचलला जातो, तसंच केलं की ठेवला जातो.

कॉल चालू असताना आवाजाच्या कळा कॉलचा आवाज वाढवतात, टॉकबॅकचा नाही. टॉकबॅकचा आवाज अ‍ॅक्सेसिबिलिटी व्हॉल्यूम म्हणून वेगळा असतो. तो कॉलच्या आधीच वाढवून ठेवा.

"फोन हँग झाला" अशी तक्रार येते, त्यात बऱ्याचदा दोष तळव्याचा असतो. कानाजवळ काही आलं की पडदा बंद करणारा सेन्सर वरच्या भागात असतो. बटण शोधताना तळवा त्यावर आला की पडदा बंद होतो आणि टॉकबॅक गप्प बसतो. फोन खालून धरा. इअरफोन लावला किंवा स्पीकर चालू केला तर सहसा हा त्रास होत नाही.

९. कॅमेरा

मुलाखत असेल तरच याची चिंता करा, एरवी बंद ठेवा. लॅपटॉपचा कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध असतो. हात लांब करून ती कड बोटांना लागेल इतक्या अंतरावर बसा, नाक त्या जागेच्या समोर ठेवा. पाठीमागे खिडकी नको. संध्याकाळ असेल तर दिवा लावायला सांगा, आपल्याला त्याची आठवण राहत नाही. चौकट बरोबर आहे का, हे बी माय आइज या २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या अ‍ॅपवर स्वयंसेवकाला विचारता येतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येऊ न शकलेल्या बहिणीशी बोलताना मात्र कपाळ दिसलं काय आणि हनुवटी दिसली काय, सारखंच.

१०. नेट कच्चं असेल तर

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज येते-जाते. व्हिडिओ बंद ठेवला की नेटची गरज खूप उतरते. नुसत्या आवाजाला फार कमी लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेज अँड डेटा सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो चालू करा. झूमच्या आमंत्रणात फोन नंबर दिला असेल तर साध्या फोनवरूनही बैठकीत जाता येतं. तिथे स्टार ६ ने माइक चालू-बंद होतो आणि स्टार ९ ने हात वर होतो. स्क्रीन रीडरचीही गरज नाही.

११. मदतीच्या नावाखाली

"मी करून देतो, स्क्रीन शेअर करा" असं अनोळखी माणूस म्हणाला तर नाही म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन शेअर होते, आणि त्या वेळी आलेला ओटीपी त्याला दिसतो. तुम्हाला मात्र तो दिसतोय हे कळतही नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सांगून "डिजिटल अरेस्ट" करणाऱ्यांचंही तेच. असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.

१२. मुलाखतीआधी आणि काही बिघडलं तर

ही सॉफ्टवेअर सारखी बदलतात. काल बोलणारं बटण अपडेटनंतर नुसतं "बटन, बटन" म्हणायला लागतं. म्हणून महत्त्वाच्या कॉलच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका, आणि झूम मोबाइलवरही बसवून ठेवा. तक्रार करताना "चालत नाही" एवढंच लिहिलं तर कुणी हात लावत नाही. विंडोजची, एनव्हीडीएची आणि त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणती कळ दाबली, काय ऐकू यायला हवं होतं आणि काय आलं, हे क्रमाने लिहा.

कंपनीने किंवा संस्थेने एखादं अनोळखी सॉफ्टवेअर सांगितलं तर आधीच लेखी कळवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाजवी सोयीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आहे. पण पहिल्याच मेलमध्ये कलमं मारू नका. इतकं पुरे:

"मी दृष्टिहीन उमेदवार असून एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. मुलाखतीसाठी सांगितलेलं सॉफ्टवेअर मला आधी तपासून पाहायचं आहे, कृपया चाचणीची लिंक द्यावी. ते न चालल्यास मुलाखत झूमवर किंवा साध्या फोनवर घ्यावी. पडद्यावर काही दाखवणार असाल तर ती फाइल आदल्या दिवशी मेलवर पाठवावी."

बाई असाल तर "वापरते" करा. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन करा आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव लिहून ठेवा. सरकारी भरती असेल आणि सोय नाकारली गेली, तर तक्रार पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. तेव्हा हा मेल आणि त्याची तारीख जोडावी लागते, म्हणून तो पुसू नका.